हाकेच्या दिशेनं

मी शाळा फारशी पाहिली नाही. रान पाहिलं. त्याच जोरावर मुलांच्या पथकात आयुष्य काढलं. गाठी मारणं, चूल पेटवणं, वाट ओळखणं, हेच शिकवत आलो. पोरांचा आवडता एक खेळ होता. डोळ्यांना पट्टी बांधायची आणि माझ्या हाकेच्या दिशेनं सरळ चालत यायचं.

त्या दुपारी जुन्या स्वयंसेवकांचा सत्कार होता. म्हणजे माझाच, बाकीचे जुने केव्हाच वर गेले. पथक सांभाळणारी ताई म्हणाली, "आजोबा, तंबूत जरा पडा. नाव पुकारलं की या. माझ्या भाषणात झोपलात तर लोक हसतील."

"तू बोलायला लागलीस की लोकही झोपतील," मी म्हटलं आणि आत गेलो.

जुना कापडी तंबू. आत दबलेल्या गवताचा, कुबट कापडाचा वास. जरा डोळा लागला असेल. बाहेर टाळ्या वाजल्या, माझं नाव पुकारलं, तसा उठून दार चाचपू लागलो.

दार नव्हतं. चारी बाजूंनी सलग कापड. हात फिरवत गेलो, परत तिथंच आलो. हाक मारली, ती कापडातच मुरली, माझी मला धड ऐकू आली नाही.

मग बाहेर कुणीतरी खाकरलं. मी खाकरतो तसं.

"मी काय बोलणार," तो आवाज म्हणाला. माझाच, तसाच सावकाश. "चला रे पोरांनो, पट्ट्या घ्या. आज खाणीकडे जाऊ."

जुनी दगडाची खाण. कडेला कुंपण नाही, वरून तळ दिसत नाही. पोरांना मी तिकडे कधी फिरकू दिलं नव्हतं. आणि त्या पोरांत माझा नातू होता. पावलं लांब लांब गेली...

तंबू अंगावर कोसळला तर काय करायचं, हे मीच शिकवतो. आडवं व्हायचं, कापडाची कड धरायची, खुंटी हलवत राहायची. नखं फुटेस्तोवर हलवली आणि खालून सरपटत बाहेर आलो.

ताई खुर्च्या आवरत होती. मला बघून तिच्या हातातली खुर्ची निसटली.

"तुम्ही तर आत्ता पोरांना घेऊन गेलात... मी माझ्या हातानं पदक लावलं तुम्हाला."

मी खाणीकडे धावत सुटलो.

खाणीजवळ पोरं रांगेत उभी होती, डोळ्यांना पट्ट्या. कडेच्या पलीकडून, जिथं नुसती पोकळी आहे तिथून, माझी हाक आली.

"ये बाळा... सरळ ये."

पहिला पोरगा चालू लागला. तो माझा नातू होता.

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला नाही. उलट हसला. "आजोबांनी सांगितलंय, मागून त्यांच्याच आवाजात कुणीतरी थांबवेल. ऐकायचं नाही."

मी तोंड मिटलं. माझा आवाज आता माझा राहिला नव्हता. धावलो, न बोलता त्याचा हात धरला. त्यानं माझी फुटकी नखं, बोटं चाचपली. हात ओळखीचा लागला तसा जागीच थांबला. मग मी एकेकाचा हात दुसऱ्याच्या हातात दिला आणि सगळी रांग मागे ओढत आणली. पट्ट्या मैदानावर येऊनच सोडल्या. मागून हाक येतच होती, कसली घाई नसल्यासारखी.

पोरं सुखरूप घरी गेली. पण तेव्हापासून नातू माझ्या हाकेला ओ देत नाही. "आधी हात," म्हणतो. मी हात पुढे करतो, तो चाचपतो, मग बोलतो. चांगली सवय आहे, मी मोडत नाही.

काल मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो. तो बाहेरच्या खोलीत एकटाच खेळत होता. मी हाक मारलीच नव्हती.

"आधी हात," तो म्हणाला.

मी पेला टाकून धावलो. तो उंबऱ्यात पाठमोरा उभा होता. हात पुढे केलेला, आणि बोटं कशावर तरी सावकाश फिरत होती.