कमरेचे दोन दोर

वारा पडू दे, मग जा घरी. तोवर ऐका. आणि हसायचं नाही हं, ही ऐकीव गोष्ट नाही. माझी धाकटी बहीण चिझुरू, तिच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलेली आहे. शिगेतो. नारू बेटावर पर्यटकांना शिडाच्या बोटीतून फिरवतो ना, तोच.

मागच्या वर्षीची सोळा ऑगस्टची रात्र. संध्याकाळीच ओबोनचे दिवे पाण्यात सोडून पितरांना निरोप दिला होता. त्या रात्री पितर समुद्रावरून परत जात असतात, म्हणून आपल्याकडे कुणी बोट बाहेर काढत नाही. पण मोठं वादळ येत होतं, आणि नारूच्या उघड्या धक्क्यावर बोट फुटलीच असती. तिच्यावर तर त्यांचं पोट. ती रातोरात शेजारच्या फुकुए बेटाच्या आडोशाच्या बंदरात न्यायची होती.

मी म्हटलं, "आजची रात्र जाऊ दे रे."

"वादळालाच सांगा की, दादा! म्हणावं, सण आहे, उद्या ये," शिगेतो हसला. असला आगाऊ माणूस! चिझुरूने त्याला एकट्याला सोडलं नाही, तीही निघाली.

दीडच्या सुमारास वारा फिरला. शीड उतरवायला शिगेतो डोलकाठीपाशी गेला. चिझुरू सुकाणूवर.

"अहो, पट्ट्याला दोर अडकवलात ना?"

"अडकवला गं बाई! किती वेळा विचारशील?"

कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक डोलकाठीच्या बुडाशी. म्हणजे माणूस पडला तरी बोटीला लटकून राहतो. त्याने शीड उतरवलं आणि परत यायला वळला.

वळताच येईना.

कंबर ओढली जात होती. समुद्राकडे.

त्याने अंधारात चाचपलं. पट्ट्याला दोर... दोन. एक बोटीच्या आत गेलेला. दुसरा काठावरून खाली, पाण्यात.

"चिझुरू... दुसरा दोर तू लावलास?"

"मी सुकाणू सोडून कशी येईन? दुसरा कसला?"

ओढ वाढली. गुडघे काठाला टेकले...

त्याने सुरी काढली. पाण्यातला दोर कापला.

सुटला!

तेवढ्यात लाट आली. शिगेतो बोटीबाहेर.

चिझुरूने हाक मारली. पुन्हा मारली. नुसतं पाणी...

मग त्याच्या कमरेला हिसका बसला. उरलेल्या दोराने त्याला खेचलं, काठावरून आत आणून टाकलं. चिझुरूचे दोन्ही हात सुकाणूवरच होते.

पोरांनो, त्या रात्री माझी बहीण विधवा व्हायची.

उजाडल्यावर फुकुएच्या धक्क्यावर दोघांनी पाहिलं. डोलकाठीच्या बुडाशी कापलेला दोर होता, तो लाल, कोरा. त्यांचाच. त्याचा मधला भाग पाण्यात पडून फरफटत होता, म्हणून एवढा ओढत होता. बिचाऱ्याने स्वतःचाच दोर कापला होता.

पट्ट्याला उरलेला दोर काळा, काथ्याचा, जागोजाग शिंपले चिकटलेला. बोटीवर तो कुठेच बांधलेला नव्हता. त्याच्या टोकाला चार वेढे होते... कुणीतरी मुठीला गुंडाळून घट्ट धरून ठेवावा, तसे.