उजवीकडचा वाघ

"माहा नवरा खोटं बोलून राह्यला का, तेवढंच सांगा," रक्षा म्हणाली. "मंग त्याच्या घरी राहाचं का नाई ते ठरवतो."

खासगी तपास करणाऱ्या आकांक्षाबाईंनी गाडी हिंगणीच्या अलीकडे, जंगलातल्या फाट्यावर थांबवायला सांगितली. चालक प्रेमदास. मदतनीसही तोच.

उजवीकडे: दवाखान्याचा जवळचा रस्ता.

डावीकडे: लांबचा वळसा.

त्या दिवशी माहेरी रक्षाच्या आईला पान लागलं. सापाचं नाव घ्यायचं नसतं. जावयानं, दुर्गेशनं, जीप पळवली.

डावीकडे.

आई वाटेतच गेली.

दुर्गेश एकच सांगत होता : "बोर्डावर 'रस्ता बंद' लिहिलं होतं. म्या वाचलं."

"बारावी शिकेल हाय थो!" रक्षाचा भाऊ धनंजय उजव्या रस्त्याच्या फलकावर थाप मारत म्हणाला. "वाचा नं तुमीच!"

वाघाचं तोंड. खाली : रस्ता खुला आहे.

वनरक्षक सोनबा म्हणाला, "वाघीण पिल्लं घेऊन बसली होती जी, म्हून महिनाभर बंद होता. यायची माय गेली त्याच्या आदल्या दिशी खुला केला."

"तेव्हा फलक नवा लावला?" आकांक्षाबाईंनी विचारलं.

"नवा कायले? हाच."

बाईंनी फलकावरून बोट फिरवलं. वाघ उन्हानं विटलेला. अक्षरं करकरीत.

"बसा सगळे. प्रेमदास, जोरात घे."

गाडीनं वेग घेतला, आणि बाईंनी अचानक एक पुठ्ठा प्रेमदाससमोर धरला. करकचून ब्रेक.

"धोका लिहिलंय ना, बाई!"

"हो, धोकाच," मागून रक्षा आणि धनंजय एकदमच म्हणाले.

बाईंनी पुठ्ठा पुन्हा दाखवला. लाल कवटी. खाली : पुढे चला.



"दुर्गेश खोटं बोलला नाही. त्यानं वाचलंही नाही. महिनाभर त्या वाघाखाली 'रस्ता बंद' होतं. रंगवणाऱ्यानं अक्षरं बदलली, वाघ तसाच ठेवला. मागं माणूस मरत असताना डोळ्याला वाघ दिसतो. अक्षरं मन आपलीच भरतं."

"मंग म्या आता कोणाची कॉलर धरू?" धनंजयनं विचारलं.

फाट्यावर परतल्यावर त्या सोनबाला म्हणाल्या, "निदान हा वाघ तरी पुसा."

"पुसाचा हुकूम नाई जी."

"घरी सोडा," रक्षा म्हणाली.

"कोणाच्या?" प्रेमदासनं विचारलं.

"त्याच्या."

गाडी उजवीकडे, दुर्गेशच्या गावाकडं वळली. अक्षरं प्रेमदासला आता पाठ होती. तरी वाघ समोर आला, आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला.