सोनवळगडाची अपुरी भूपाळी

सोनवळगडाच्या पूर्व बुरुजावर तांबडे फुटू लागले, दरीतले धुके तटाला धरून वर चढू लागले, की नगारखान्यातून सनईवर एक भूपाळी निघत असे, जी कोणत्याही रागात बसत नसे. गवई तिला नावे ठेवीत. शास्त्री म्हणत, लुप्त झालेली प्राचीन विद्या असेल. ती चढत चढत शिखराशी जाई आणि आता शेवटचा सूर लागणार, तोच पहाटेची तोफ उडे. सूर राहून जाई. गडकऱ्यांना त्याची सवय झाली होती. सवय कशाचीही होते, याबाबत त्या दौलतीत दुमत नव्हते.

त्या भूपाळीची ही हकीकत.

सोनवळच्या महाराजांना विलायती बाजाचा षोक, म्हणून त्यांच्या पदरी बेनेदेत्तो फराल्दी नावाचा नेपल्सचा बँडमास्तर होता. दरबार त्याला बेंदोजी म्हणे. बेंदोजीने तरुणपणी एक ऑपेरा, म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत गाण्यातच चालणारे नाटक, रचला होता. रोमच्या बादशहाचा एक शिपाई गुपचूप ख्रिस्ती होतो, बादशाही देवांपुढे धूप घालायला नकार देतो आणि गात गात सिंहांच्या तोंडी जातो. संतांनी रंगमंचावर गळा काढणे हा संतांचाच अपमान, असे ठरवून नेपल्सच्या राजाने त्यावर बंदी घातली. बेंदोजीने मान तुकवली, बाड बगलेत मारले आणि तो जहाजात बसला. मरण्यापूर्वी एकदा तो शेवट कानांनी ऐकावा, एवढीच आता त्याची इच्छा उरली होती.

सोनवळात त्याला हवा तो गळा सापडला. पागेचा कर्णेकरी रायाजी कानडे याने कर्णा खाली ठेवून नुसती हाक दिली, तरी घोडे रांगेत येत. बेंदोजीने त्याच्याकडून एकेक ओळ अर्थासह घोटवून घेतली. दसऱ्याच्या दरबारात खेळ करण्याचे ठरले, आणि दिवाण अनंतपंत दुर्वे यांनी मास्तरांस बोलावणे धाडले.

"बेंदोजी, नाटक उत्तम आहे," दिवाण म्हणाले. उत्तमच्या मागून काय येते, हे बेंदोजी नेपल्सपासून जाणून होता. "शेवट तेवढा बदला. रेसिडेंटसाहेब म्हणतात, ख्रिस्ती माणसाला हिंदू दरबारात सिंह खातो, हे कंपनी सरकारास रुचणार नाही. शास्त्रीबुवा म्हणतात, सणाच्या दिवशी धूप नाकारणारा नायक नको, आणि मंचावर मरण तर नकोच नको."

"मग त्याने करावे काय, सरकार?"

"धूप घालावा. बादशहा प्रसन्न होईल. लगेच लग्न लावून द्या."

"कोणाशी?"

"ते आम्ही का सांगावे? कवी तुम्ही."

"आणि सिंह?"

"सिंह राहू द्यात, महाराजांना आवडतात. वरातीत घ्या."

बेंदोजीने मान तुकवली. रायाजीला हे कळले तेव्हा तो आधी हसला. मग मास्तरांचा चेहरा पाहून हसायचा थांबला.

"पावसाळाभर त्या शेवटच्या सुरासाठी तुम्ही माझा जीव खाल्लात, मास्तर. मी डोंगरावर जाऊन ओरडायचो, बायको म्हणाली, बाहेरचं लागलंय. आता कुठं सूर लागतोय, तर तुम्ही लग्न लावता?"

"राजे सगळीकडे सारखेच, रायाजी. तू धूप घाल."

दसऱ्याला दरबार भरला. शिकारखान्यातले पेंढा भरलेले सिंह मुंडावळ्या बांधून उभे होते. धूपपात्र पुढे आले. रायाजीने ते घेतले, कपाळाला लावले, हुजऱ्याच्या हाती परत दिले आणि सिंहांकडे चालू लागला. बँडाने लग्नाची चाल धरली. तिला न जुमानता, साथ नसताना, ताल नसताना तो एकटा गाऊ लागला. एकेक वाद्य गोंधळून गप्प झाले, आणि तो सूर असा लागला की झुंबरांचे लोलक किणकिणले. महाराज भान विसरून उभे राहिले. मग त्यांची नजर दिवाणांकडे गेली. महाराज बसले.

"विसरलो म्हण," दिवाण रायाजीला सदरेवर म्हणाले. "खंडोबाचा भंडारा उचल आणि म्हण, चूक झाली. घरी जा. विचार तुझ्या मास्तरांना."

"विसरलाच तो, सरकार," बेंदोजी घाईने म्हणाला. "चूक झाली त्याची."

"मास्तर," रायाजी म्हणाला, "बादशहाचं सोंग तुम्हाला नव्हतं दिलेलं." मग दिवाणांकडे वळला. "विसरलो नाही, सरकार. पाठ आहे."

"ख्रिस्ती झालास की काय?"

"माझा खंडोबा जागच्या जागी आहे. पण त्या शिपायानं धूप घातला नव्हता. दुसऱ्या शिपायाच्या नावानं माफी मागणारा मी कोण?"

रायाजी सोनवळगडावर कैदेत गेला. किल्लेदार भला होता. पहाटे तोफ होईपर्यंत कैद्याला बुरुजावर येऊ देई. रायाजी तेवढ्यात शेवटचे गाणे म्हणे. शेवटचा सूर लागण्याआधीच तोफ होई; पहारेकरी खांद्यावर हात ठेवी. सनईवाल्याने ऐकून ऐकून जेवढे कानी पडले तेवढे उचलले. पुढे रायाजी हिवतापाने गेला. चाल राहिली.

कैक वर्षांनी दिवाण गडदेवीच्या दर्शनास आले. सोबत म्हातारा बेंदोजी होता. पहाटे सनई सुरू झाली. दिवाणांनी हात जोडले. "प्राचीन आहे," ते म्हणाले. बेंदोजी तटाला धरून उभा राहिला, ओठ हलू लागले, चाल शिखराशी आली, आणि तोफ उडाली.

"सरकार," बेंदोजी म्हणाला, "उद्या तोफ जराशी थांबवावी. एका श्वासापुरती. शेवटचा सूर राहिला आहे."

दिवाणांना त्याची कीव आली.

"बेंदोजी, मुहूर्त शास्त्रीबुवांनी काढून दिलेला आहे," ते समजुतीने म्हणाले. "जे जसे चालत आले, त्याचा शेवट आपण बदलू नये."

"जी, सरकार," बेंदोजी म्हणाला, आणि त्याने मान तुकवली.