चौथं उत्तर

“आई, क्विझ कशी बनवायची गं? उद्या वर्गात घ्यायचीय.”

लेकीनं विचारलं आणि आईच्या हातातली इस्त्री थांबली. कपाटातून तिनं जुना पत्र्याचा डबा काढला. आत पिवळी पडलेली कार्डं… आणि पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास. अगं बाई, इतक्या वर्षांनीही!

तेव्हा ती वाचनालयात नोकरीला नवीन होती. वार्षिक प्रश्नमंजूषा तिच्याच गळ्यात पडलेली. एका दुपारी पुस्तकबांधणीतला बाइंडर फाटकी पुस्तकं न्यायला आला, नि टेबलावरचं कार्ड वाचून फिस्सकन हसला.

“हसायला काय झालं?”

“तुमची चुकीची उत्तरं फार प्रामाणिक आहेत हो. लांबूनच सांगतात, आम्ही चूक आहोत!”

तिला अस्सा राग आला! पण त्याचं खरं होतं. मग ठरूनच गेलं – प्रश्न तिचा, तीन चुकीची उत्तरं त्याची, आणि चौथं, बरोबर, तिनं लिहायचं. तेही दोन ठिकाणी तपासून. रोज दुपारी तो खळ लागलेल्या बोटांनी तीन थापा लिहायचा. तिचं लक्ष कार्डावर कमी, त्या बोटांवरच जास्त.

आणि एक दिवस कळलं, त्याला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या छापखान्यानं बोलावलंय. शनिवारी निघणार. ‘जाऊ नका’ म्हणावंसं तिला वाटलं. बोलायची मात्र छाती होईना.

बुधवारी त्यानं एक कार्ड सरकवलं. या खेपेला प्रश्नही त्याचाच.

‘बाइंडरनं जाऊ नये असं कोणाला वाटतं? १) ग्रंथपालसाहेबांना २) खळीच्या डब्याला ३) आवारातल्या मांजरीला ४)’

चौथी जागा कोरी.

“सावकाश लिहा…” तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघताच.

शनिवारी सकाळी तो बॅग घेऊन निरोप घ्यायला आला, तेव्हा तिनं कार्ड पुढे केलं. चौथ्या जागी लिहिलं होतं – ‘मला’.

“तीन दिवस लागले?”

“दोन ठिकाणी तपासावं लागतं ना… एक माझं मन.”

“आणि दुसरं?”

“आई. ती म्हणाली, तीन दिवस घास गिळत नाहीयेस, आता आणखी कसलं तपासतेस!”

लेक डोळे विस्फारून ऐकत होती. “मग? बाबा गेले?”

आतल्या खोलीतून आवाज आला, “एक – गेले! दोन – गाडी चुकली! तीन – मांजरीनं अडवलं!”

“आणि चौथं?”

“ते तुझी आई लिहिते. नेहमी.”

तिनं कार्डावरून हळूच बोट फिरवलं. डोळे भरून आले होते, तरी हसूच फुटलं.

“बॅग टेबलाखाली सरकवली,” ती म्हणाली, “आणि मला म्हणाले, चला, पुढचा प्रश्न काढा.”