बसलं का?

मध्ये बोलायचं नाही, आधीच सांगतो. मागच्या वेळी धाकट्यानं "मग तो मेला का?" विचारून सगळा विचका केला. ऐकायचंय ना? मग तो मोबाइल पालथा ठेव.

ही गोष्ट माझ्या मेहुण्याची, तुमच्या काकूच्या धाकट्या भावाची. हवाईपट्टीवर लोकांची खासगी विमानं असतात ना, चार माणसांची, त्यांचा तो मेकॅनिक. गेल्या नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार, रात्रीचे साडेआठ. घरी पोचला तर बायको म्हणाली, "डबा कुठाय?" डबा हँगरमध्ये, विमानं ठेवतात त्या शेडमध्ये. "घेऊन या आत्ताच. उद्या उघडला तर अख्खी गल्ली पळेल."

गेला परत, बडबडत. आधीच डोकं फिरलेलं. का, तर दातांच्या डॉक्टरांचं विमान. उडाल्यावर त्याची चाकं पोटात जातात. उतरताना बाहेर येऊन पक्की बसावी लागतात. बसली की पायलटसमोर तीन हिरवे दिवे लागतात. डॉक्टरांना हवेत डाव्या चाकाचा दिवा दिसायचाच नाही. न बसलेलं चाक टेकताना दुमडलं तर विमान एका अंगावर आपटणार. ते घिरट्या घालून, जीव मुठीत धरून उतरायचे आणि मेहुण्याला फैलावर घ्यायचे. मेहुणा विमान जॅकवर चढवून चाकं आत-बाहेर करायचा, तर तिन्ही दिवे झक्कास! दवाखान्याच्या दारात दात दुखायचा थांबतो ना, तसं.

महिनाभर हेच. "काम येतं की नुसता पगार घेतोस?" डॉक्टर म्हणाले. शुक्रवारी सकाळी त्यांना लेकीला घेऊन उडायचं होतं. मेहुणा इतका वैतागला, इतका वैतागला, की त्या संध्याकाळी त्यानं दिव्याचा स्विचच जरा पुढे सरकवला. चाक पुरतं बसायच्या आत दिवा लागेल, कटकट संपेल. तोंडं वाकडी करू नका. वैतागलेला माणूस काय काय करतो!

डबा सापडला. म्हणाला, एकदा चाकं आत-बाहेर करून बघू आणि डॉक्टरांना कळवून टाकू, झालं म्हणून.

आता एक ध्यानात ठेवा. हे काम दोघांचं. एक आत बसून चाकांची दांडी ओढतो, दुसरा खाली, चाकाच्या सांध्यावर हात ठेवून. आतला विचारतो, "बसलं का?" खालचा चाचपून सांगतो, "बसलं," नाहीतर "नाही." खाली कायम नाना असायचे. मेहुण्याला काम शिकवलं ते त्यांनीच. तिसरा शब्द म्हणून बोलायचे नाहीत. आणि काम झालं की ग्रीसचा हात विमानाच्या पांढऱ्या पोटाला पुसायचे. डॉक्टर करवादायचे, "नाना, माझा रंग!" नाना हसायचे, पुढच्या वेळी पुन्हा पुसायचे. दोन वर्षांपूर्वी नाना गेले. त्यांच्या जागी कुणाला घेतलंच नाही.

तर विमान जॅकवरच होतं, मेहुणा आत बसला. बॅटरी चालू केली. दांडी वर, चाकं आत. दांडी खाली. घरघर... खट्. एक हिरवा. दोन. तीन. सुटलो एकदाचा, म्हणाला. आणि जुन्या सवयीनं तोंडातून गेलं,

"बसलं का?"

हँगर रिकामं.

"...नाही."

खालून. डाव्या चाकाकडून.

काय रे, सरकलास का जवळ? बस, बस.

मेहुण्याला आधी रागच आला. महिनाभराचा साठलेला. ओरडला, "नाही काय नाही? दिवे लागलेत!"

दिव्यांवर बोट आपटलं.

"अहो तिन्ही लागलेत, नाना!"

नाव तोंडातून गेलं... मग कळलं, आपण कुणाशी भांडतोय.

"नाही."

उतरला. टॉर्च मारला. कुणी नाही. डबा जिथल्या तिथे. चाक उभं, दिसायला ठणठणीत. त्यानं नुसता तळहात टेकवला...

दुमडलं.

आत दिवा हिरवाच.

रात्रभर खोलून बसला. सांधा ओढून धरणाऱ्या स्प्रिंगला केसाएवढी चीर. कधी ओढायची, कधी नाही. कपाटातली नवी बसवली, स्विच मागे घेतला. सकाळी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं आणि पोटभर शिव्या खाल्ल्या. मग त्यांनाच दांडीपाशी बसवलं, स्वतः खाली हात ठेवून म्हणाला, "बसलं." विमानाचं पोट फडक्यानं लख्ख पुसलं. तरी डॉक्टरांना धीर होईना. लेकीला खाली ठेवून त्यांनी आधी एकट्यानं चक्कर मारली.

आले. अलगद टेकले. उतरले, विमानाभोवती फिरले आणि तिथूनच ओरडले, "पुन्हा पोटाला हात पुसलास?"

मेहुणा वाकला. डावं चाक जिथून बाहेर येतं, त्या कडेला चार बोटं. काळी, ओल्या ग्रीसची. आतून बाहेर ओढलेली.

मेहुण्याचे हात कोरडे होते. त्यानं ते पुढे केले.

डॉक्टरांनी वाकून ती बोटं बघितली. मग रंगाचा विषयच न काढता लेकीला म्हणाले, "चल, बस आत."

ते डाग अजून तिथंच आहेत.