शेवटच्या घाण्याचा रस

"थांब! ती पेटी ओतू नकोस, मधमाशी बसलीये तिच्यात."

लुसियन थिबो माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. घरचा चरक मोडला म्हणून सफरचंदांचा रस काढायला मी टेकडीवरच्या थिबोंच्या बागेत आले होते. आणि हा कोपरापर्यंत रसाने माखलेला उंच तरुण, माशीला बोटावर घेऊन हळूच फुंकर घालत उभा! मी बघतच राहिले.

"नाव काय?"

"सफरचंदांचं?"

"त्यांचं मला चाखून कळतं."

"मग माझंच विचारलं पाहिजेस," मी म्हटलं. "फीबी."

तेव्हापासून दर शनिवारी माझी खेप ठरलेली. कधी गाडीत जेमतेम टोपलीभर फळं असायची.

"एवढ्याशासाठी एवढी लांब आलीस?"

"तुमच्याकडे रस चांगला निघतो."

तो हसायचा... आणि गप्प व्हायचा. आमच्या व्हर्मांटची माणसं एकूणच कमी बोलतात, पण याने कहर केला होता.

बघता बघता शेवटचा घाणा आला. उद्यापासून चरक बंद, तो थेट पुढच्या हंगामापर्यंत. आज हा काही बोलला नाही, तर मी कुठल्या निमित्ताने ही टेकडी चढायची?

शेवटचा रस विकायचा नसतो. ज्यांनी ज्यांनी फळं आणली, त्यांनी मिळून प्यायचा. अंगणात मोठ्या पातेल्यात दालचिनी, लवंगा आणि संत्र्याची साल घालून तो उकळत होता. लुसियनच्या आईने रमची बाटली माझ्या हातात कोंबली.

"पोरी, तापलेली सळई रसात बुडवून झाली की मगच घाल हं. आधी घातलीस तर भडका उडेल, रमही जाईल आणि लुसियनच्या भुवयाही!"

समोरची मेपलची टेकडी मावळतीच्या उन्हात लाल-केशरी झाली होती. लुसियनने विस्तवातून रसरसलेली सळई ओढली आणि पहिल्या पेल्यात बुडवली. चर्रर्र! रस गरजला, फेस काठावर चढला, जळत्या साखरेचा वास अंगणभर पसरला. आमच्या घरीही लहानपणापासून बघतेय मी हे, तरी श्वास घ्यायचं विसरले. आणि त्या वाफेपलीकडे तो... इतका शांत, इतका देखणा! माणसाकडे बघून असं थक्क व्हायला होतं, हे मला माहीतच नव्हतं.

"किती सुंदर..." चर्चमध्ये बोलावं तसं मी पुटपुटले आणि पेला तसाच त्याच्या हातात दिला.

त्याने दोन मोठे घोट घेतले, डोळे मिटले.

"फीबी, उद्यापासून तू येणार नाहीस... मला ते सहन होणार नाही. फळं नसली तरी ये ना. माझ्यासाठी ये." मग एकदम घाबरून म्हणाला, "मनावर घेऊ नकोस हं, ही रम बोलतेय!"

मी बगलेतली बाटली पुढे केली. बूच अजून शाबूत होतं.

तो बाटलीकडे बघत राहिला — मग माझ्याकडे.

"म्हणजे... मीच बोललो?"

"तूच," मी म्हटलं. "पुन्हा बोल ना. असाच, न पिता."

मागे त्याची आई पातेलं ढवळायची थांबली होती, सगळं अंगण कान देऊन उभं होतं. तरी तो बोलला. पहिल्यापेक्षा मोठ्याने बोलला.