छायेची हजेरी

गुरुवारी ओपीडी आटोपली, की तिसऱ्या मजल्यावर निवासी डॉक्टरांचा संशोधन-कौशल्यांचा तास असे. पूर्वी हा तास म्हणजे सामुदायिक रडगाणं होतं. रुग्ण मिळत नाहीत, मिळालेले पुन्हा तपासणीला येत नाहीत, म्हणून प्रबंध अपुरा राहतो. आणि प्रबंध स्वीकारला गेला नाही तर एमडीच्या परीक्षेला बसता येत नाही. आता रडगाणं थांबलं होतं. आता छाया होती.

छाया म्हणजे रुग्णाचं संगणकातलं प्रतिरूप. त्याचं रक्त, जनुकं, वजन, जुने आजार एकदा भरले की यंत्र त्याची छाया उभी करी. खरा रुग्ण तपासणीला आला नाही, तर छाया हजर होई आणि आज त्याचा रक्तदाब किती असता ते सांगे. पडद्यावर प्रश्न यायचा : रिकाम्या चौकटी भरायच्या का? ‘हो’वर बोट ठेवलं की काम फत्ते. छाया लग्नाला जात नसे, भाड्याला पैसे नाहीत म्हणत नसे, डॉक्टरांशी हुज्जत घालत नसे. असा रुग्ण कुणाला नको?

डॉ. केतकी बनसोडेला नको होता.

“अगं, ठेव ना बोट,” इम्रान अत्तार म्हणाला. तिच्याच वर्षाचा, प्रबंध देऊन मोकळा झालेला, त्यामुळे सल्ले द्यायला भरपूर फुरसत असलेला. “माझ्या प्रबंधात निम्म्या छाया आहेत. एकीनंही तक्रार केली नाही.”

“तेच खटकतंय.”

खटकायला कारण घडलं होतं. केतकीचा प्रबंध रक्तदाबाच्या एका नव्या गोळीवर होता. तिच्या रुग्णांतली सुनंदा फुलारी, बसची कंडक्टर, पहिल्या तपासणीनंतर फिरकलीच नाही. आली ती थेट कॅज्युअल्टीत, दोन्ही हातांनी डोकं धरून, रक्तदाब दोनशेच्या पुढे. केतकीनं संगणक उघडला. सुनंदाबाईंची छाया त्या दिवशी ठणठणीत होती.

बाई सावरल्यावर केतकीनं विचारलं, “गोळी कधी सोडली?”

“लगेच की. घेतली की सारखं लघवीला लागतंय. मी काय गाडी थांबवून सगळ्यांना सांगू, बसा जरा, आलेच?”

“मग मला येऊन सांगायचं.”

“चिडला असता तुम्ही.”

“आता नाही चिडणार?”

“आता मी आडवी पडलेय. आडव्या माणसावर कोण चिडतंय, मॅडम?”

केतकीनं मग न आलेल्या सगळ्यांना फोन लावले. कुणी गोळी सोडली होती, कुणी मोडून अर्धी घेत होतं, कुणी फोनच उचलला नाही. छाया मात्र एकजात शहाण्या. त्यांनी कसं वागायचं ते ठरलं होतं नेमानं दवाखान्यात येणाऱ्यांच्या माहितीवरून. न येणाऱ्यांची माहिती यंत्राला देणार कोण? सापडलं ते तिनं लिहिलं, उरलेल्या चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि गुरुवारच्या तासाला सगळ्या निवासी डॉक्टरांदेखत प्रबंध समितीपुढे मांडला.

“बनसोडे, या भोकांवर मी सही करू?” तिचे मार्गदर्शक डॉ. सबनीस म्हणाले. “छाया चुकते याला पुरावा काय? एक कंडक्टर आणि काही फोन?”

“अजून एक आहे, सर. पण तुमची परवानगी लागेल.”

या कॉलेजात एक रीत होती. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी निवासी डॉक्टर आणि शिक्षक स्वतः रुग्ण म्हणून नाव नोंदवत. संमतीपत्रावर सही करताना पोटात काय होतं ते कळावं, हा हेतू. सगळ्यांच्या छाया तयार होत आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरत. छाया विसरत नसत.

केतकीनं आधी स्वतःची उघडली. छाया तीन वर्षं नोंदणीच्या दिवशी मिळालेली जीवनसत्त्वाची गोळी न चुकता घेत होती आणि रोज शांत झोपत होती. “माझ्या बाटलीचं सील अजून तसंच आहे,” केतकी म्हणाली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं झोपेबद्दल बोलतच होती. “आता तुमची, सर?”

इतक्या लोकांसमोर नाही म्हणणं हाच पुरावा ठरला असता, हे सबनीस ओळखून होते. त्यांनी मान हलवली. पडद्यावर त्यांची छाया आली : कोलेस्टेरॉलची गोळी रोज रात्री, पहाटे फिरणं, धूम्रपान बंद, कंबर उतरलेली. समितीनं पडदा पाहिला, मग सरांच्या शर्टाची ताणलेली बटणं पाहिली, मग खिशातून डोकावणारा सिगारेटच्या पाकिटाचा कोपरा.

“सबनीस, फिरायला जाता?” अध्यक्षा डॉ. खरोसेकर मॅडमनी विचारलं.

“पार्किंगपर्यंत.”

कुणी हसलं नाही. छाया या कॉलेजात आणली होती ती मॅडमनीच.

“तुमचा मुद्दा कळला,” त्या केतकीला म्हणाल्या. “पण विद्यापीठाचं यंत्र रिकामी चौकट घेत नाही. तुमचं वर्ष जाईल.”

“जाऊ दे, मॅडम. नाहीतर माझ्या छायेला परीक्षेला बसवा, ती पहिली येईल. फक्त सुनंदाबाई परत आल्या तर त्यांना तपासायला तिला पाठवू नका.”

सबनीसांनी पेन काढलं. टोपण उघडायला त्यांना बराच वेळ लागला, पण सही झाली. मॅडमनी पडद्यावर ‘नाही’वर बोट ठेवलं. यंत्रानं ताबडतोब कळवलं : प्रबंध अपूर्ण, उमेदवार परीक्षेस अपात्र.

मॅडमनी परीक्षा विभागाला फोन लावला. “एक प्रबंध कागदावर येतोय, रिकाम्या जागांसकट. नाही, टपालानं नाही. मी घेऊन येतेय, आणि तुम्ही तो घेईपर्यंत तिथेच बसणार आहे.”

फोन ठेवून त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. मग त्यांनी स्वतःचा जुना अभ्यास उघडला. त्याच्याच भरवशावर रक्तदाबाची ही नवी गोळी जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात पोचली होती. पडदा ठिपक्यांनी गच्च भरला; एक ठिपका म्हणजे एक रुग्ण.

“बनसोडे, यातल्या छाया काढून टाका.”

केतकीनं आज्ञा दिली. ठिपके विझू लागले, आधी कडेचे, मग मधले. इम्रान मागे उभा राहून पाहत होता; त्याचा प्रबंध याच अभ्यासावर उभा होता. पडदा विरळ झाला, आणखी विरळ झाला, तरी यंत्र थांबेना. खाली औषधाच्या खिडकीवर लोक तीच गोळी घ्यायला रांगेत उभे होते. यंत्र थांबेल तेव्हा पडद्यावर माणसं किती उरलेली असतील?